डिजिटल गाणी विकत घ्यायची, तर दुकान शेवटी निवडा

मागच्या गणपतीत आमच्या कॉलनीत आरतीच्या आधी पंधरा मिनिटं सगळे एका पेनड्राइव्हकडे बघत उभे होते. शेजारच्या काकांनी अ‍ॅपला वर्षाचे पैसे भरून पन्नासेक भक्तिगीतं ‘डाउनलोड’ केली होती आणि फोनवर ती वाजतही होती. पण फोनमधून पेनड्राइव्हवर आणायला फाइल म्हणून काही सापडेचना. शेवटी फोन माइकसमोर धरून वेळ भागवली. इंदूरच्या आमच्या गाण्याच्या मंडळींत हे इतक्यांदा झालंय की आता सगळा क्रम एकदाच लिहून ठेवतो.

“कुठून घेऊ?” हा प्रश्न जो तो पहिला विचारतो. खरं तर तो चौथा आहे. त्याआधीची तीन उत्तरं हातात असली, तर दुकानं आपोआप एक-दोनच उरतात.

बसण्यापूर्वी एवढं जवळ ठेवा: कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप (नुसत्या फोनवर हे काम करू नका), रोज उघडता तो ईमेल, बँकेचं अ‍ॅप, एक पेनड्राइव्ह आणि कागद-पेन. कागद खरंच लागतो.

टप्पा १: गाणं कशावर वाजणार?

कागदावर घरातली सगळी यंत्रं लिहा. कारचा स्टिरिओ, हॉलमधला अँप्लिफायर, ब्लूटूथ स्पीकर, आईचा साधा यूएसबीवाला रेडिओ, फोन. प्रत्येकासमोर ते कुठल्या फाइली वाजवतं ते लिहायचं. माहितीपुस्तिका सापडत नसेल (कुणाला सापडते?), तर एक एमपी३, एक एम४ए आणि एक फ्लॅक (गाण्याच्या फाइलींचे हे प्रकार टप्पा ३ मध्ये येतात) अशा तीन फाइली पेनड्राइव्हवर टाका आणि खाली गाडीत जाऊन बसा. पाच मिनिटांत उत्तर मिळतं. एमपी३ सगळीकडे वाजतं. एम४ए बऱ्याच ठिकाणी चालतं. फ्लॅक नव्या गाड्यांत वाजतं, जुन्यांत बहुधा नाही.

ब्लूटूथ स्पीकरवरच ऐकणार असाल तर एक लक्षात घ्या. साधं ब्लूटूथ आवाज पुन्हा दाबूनच पाठवतं. त्यासाठी महागडी हाय-रेझोल्यूशन (सीडीहूनही बारकाईची) फाइल घेणं म्हणजे बासमती आणून त्याची खिचडी करणं.

*तपासा:* यादीतलं सगळ्यात जुनं यंत्र कोणतं? तुमची खरी अट तेच घालणार.

टप्पा २: नेमकं कोणतं ध्वनिमुद्रण हवंय?

“अमीर खाँसाहेबांचा मारवा” एवढ्यावर खरेदी होत नाही. आपल्याच गावच्या या गवयाचं नाव रोमनमध्ये टाकलं की आधी सिनेनट येतो, मग एक ए, दोन ए, दोन ई अशी वेगवेगळी स्पेलिंगं, आणि त्यातून वाट काढल्यावर तोच मारवा चार मुखपृष्ठांखाली दिसतो. चारही वेगळे आहेत असं समजून आमच्या एका मावशींनी दोन घेतले. निघाला एकच.

म्हणून कागदावर प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: राग किंवा गाण्याचे पहिले शब्द, गायक, कंपनी, आणि लांबी मिनिट-सेकंदांसकट. लांबी हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला साधारण वीस-पंचवीस मिनिटं मावायची, त्यामुळे बावीस मिनिटांचा ख्याल बहुधा तबकडीवरचा आणि पन्नास मिनिटांचा बहुधा मैफलीतला. दोन अल्बममधली लांबी दोन-तीन सेकंदांच्या फरकाने जुळली, तर मुखपृष्ठ काहीही असो, ध्वनिमुद्रण तेच असण्याची शक्यता दाट.

भावगीतांत आणि सिनेमाच्या गाण्यांत सापळा वेगळा असतो. शीर्षक तंतोतंत तेच, पण गायक दुसराच. गायकाचं नाव बारीक अक्षरात असतं, ते वाचा. ‘कव्हर’, ‘इन्स्ट्रुमेंटल’, ‘लो-फाय’, ‘ट्रिब्यूट’ यांपैकी एकही शब्द दिसला तर थांबा.

अगदी जुन्या तबकड्यांचं काही हवं असेल, तर पैसे काढण्याआधी हेही बघा: भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजतात. पण ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) कितीतरी तबकड्या इंटरनेट आर्काइव्ह या फुकट संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तिथे आधी ऐका, मग ठरवा.

टप्पा ३: फॉरमॅट

इथे लोक उगाच घाबरतात. मूळ विभागणी दोनच प्रकारची. एमपी३ आणि एएसी (एम४ए) यांत आवाजाचा काही भाग कायमचा गाळलेला असतो. फ्लॅक, अलॅक आणि वेव्ह यांत काही गाळलेलं नसतं. अलॅकची फाइलही एम४ए याच नावाने येते, त्यामुळे नुसत्या शेपटावर (फाइलच्या नावात टिंबानंतर येतं ते) जाऊ नका.

पन्नास मिनिटांचा ख्याल धरा. ३२० केबीपीएस (सेकंदाला किती माहिती साठवली त्याचं माप) एमपी३मध्ये तो १२० एमबी होतो. सीडीच्या दर्जाच्या वेव्हमध्ये सुमारे ५३० एमबी, आणि फ्लॅकमध्ये त्याच्या साधारण निम्मा. सीडीहून बारकाईचं, म्हणजे २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ वेव्ह घेतलं तर १.७ जीबी. वेव्हमध्ये गायकाचं-रागाचं नाव नीट टिकत नाही, म्हणून मी ते घेतच नाही. फ्लॅकमध्ये तोच आवाज कमी जागेत मिळतो आणि नावंही राहतात.

माझा सल्ला सरळ आहे. जपून ठेवायचं ते फ्लॅकमध्ये घ्या आणि गाडीसाठी त्यावरून एमपी३ बनवा. फूबार२०००सारख्या फुकट प्रोग्रामने ते होतं. फ्लॅक मिळतच नसेल, तर ३२० एमपी३ किंवा २५६ एएसी पुरेसं आहे. कानांची परीक्षा घेत बसू नका.

*इशारा:* उलटा प्रवास करू नका. एमपी३चं फ्लॅक केल्याने फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. आणि ७८ गतीच्या तबकडीवरच्या तीन मिनिटांच्या गाण्यासाठी २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचे जादा पैसे मोजू नका. त्या तबकडीत तेवढं नव्हतंच.

शास्त्रीयवाल्यांसाठी आणखी एक. अल्बममध्ये विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक सलग जोडलेले असतील, तर एमपी३मध्ये बऱ्याच यंत्रांवर मध्ये एक ‘टक्’ होऊन क्षणभर शांतता येते. नेमकी समेवर आली की जीव जातो. अशा वेळी फ्लॅक घ्या, नाहीतर दोन्ही ट्रॅक जोडून एक फाइल करा.

टप्पा ४: आता दुकान

कोणतंही दुकान समोर आलं की पाच प्रश्न विचारा, याच क्रमाने. एकाला जरी ‘नाही’ आलं तरी पुढे निघा.

१. फाइल माझ्या कॉम्प्युटरवर येणार का? ‘ऑफलाइन ऐका’ म्हणजे फाइल नव्हे. वर्गणीच्या अ‍ॅपमध्ये जे उतरतं ते कुलूपबंद असतं आणि वर्गणी थांबली की जातं. स्पॉटिफायमध्ये तर ३० दिवसांत एकदा ऑनलाइन आलं नाही की उतरवलेलं बंद पडतं. काकांचं नेमकं इथेच फसलं.

२. मला हव्या त्या फॉरमॅटमध्ये देतं का?

३. खातं भारतातलं असेल तर विकतं का?

४. विकणारा कोण? गायक, कंपनी, की भलताच कुणी?

५. घेण्याआधी किती ऐकवतं, आणि घेतल्यावर पुन्हा उतरवू देतं का?

आता कोणत्या जातीची दुकानं असतात ते बघू.

कलाकाराकडून थेट घ्यायचं तर बँडकॅम्प. बहुतेक अल्बम आधी पूर्ण ऐकता येतात. एकदा पैसे दिले की एमपी३, फ्लॅक, एएसी, अलॅक, वेव्ह यांतलं हवं ते घ्या. आज एमपी३ उतरवलं आणि उद्या फ्लॅक हवं झालं, तरी जादा पैसे नाहीत. डिजिटल विक्रीवर दुकान साधारण १५ टक्के कापतं, पैसे पोचवण्याचा खर्च वेगळा, उरलेलं कलाकाराकडे जातं. तरुण वादक-गायक, लोकसंगीत, छोट्या कंपन्या हे इथलं बलस्थान. जुन्या चित्रपटगीतांसाठी मात्र इथे जाऊ नका. मोठ्या कंपन्यांचा तो साठा इथे क्वचितच दिसतो, आणि दिसला तर चौथा प्रश्न दोनदा विचारा. स्वतःच्या नावाने दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण चढवणारे महाभाग असतात. खात्री करायची सोपी रीत म्हणजे कलाकाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून दुकानात जाणं, दुकानात नाव शोधून नव्हे.

जुनी हिंदी-मराठी गाणी, नाट्यपदं, मोठ्या कंपन्यांचे शास्त्रीय अल्बम यासाठी अ‍ॅपलचं आयट्यून्स स्टोअर. भारतात ते २०१२च्या डिसेंबरपासून आहे. फाइल मिळते २५६ केबीपीएस एएसी, कुलूप नाही, कुठेही कॉपी करा. पण इथे तीन गोंधळ होतात. पहिला, अ‍ॅपल म्युझिक ही वर्गणी आणि आयट्यून्स स्टोअर ही विक्री, ही वेगवेगळी दारं आहेत. उतरलेल्या फाइलीचं शेपूट बघा: एम४ए असेल तर विकत घेतलेली, एम४पी असेल तर वर्गणीची, कुलूपबंद. दुसरा, दहा मिनिटांहून मोठे ट्रॅक बरेचदा सुटे मिळत नाहीत, अख्खा अल्बमच घ्यावा लागतो. ख्याल ऐकणाऱ्याने बजेट त्या हिशोबानेच धरावं. तिसरा, नमुना दीड मिनिटापर्यंतच ऐकायला मिळतो. दीड मिनिटात विलंबिताचा काय अंदाज येणार? तंबोरे आणि एक ‘आ’. म्हणून लांबी आधी जुळवायची, ते टप्पा २ इथे कामाला येतं.

विकत घेतलेल्या या एम४ए फाइलीत तुमच्या खात्याचं नाव आणि ईमेल नोंदलेला असतो. गावभर वाटण्याआधी आठवा.

परदेशी हाय-रेझोल्यूशन दुकानं, म्हणजे कोबझ, एचडीट्रॅक्स वगैरे, ही देशाप्रमाणे दारं उघडतात. खातं काढण्याआधी त्यांच्या देशांच्या यादीत भारत आहे का ते बघा. माझा भाचा म्हणाला, “मामा, व्हीपीएन लावू ना.” लावला, म्हणजे आपण दुसऱ्या देशातून आल्यासारखं दाखवणारा प्रोग्राम. कार्डाचा पत्ता इंदूरचा निघाला आणि पैसे द्यायच्या पानावर गाडी अडली. चालून गेलं तरी पुढे कधी खातं अडकलं तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

कंपन्यांची आणि कलाकारांच्या कुटुंबांची स्वतःची संकेतस्थळंही असतात. तिथे ‘खरेदी करा’ म्हणजे सीडी, मेमरी कार्ड की फाइल, हे पूर्ण वाचा. सीडी आली तर वाईट वाटून घेऊ नका. कॉम्प्युटरवर तिची फ्लॅक करून ठेवली की झालं, आणि मूळ प्रत कपाटात राहते.

‘फ्री डाउनलोड ३२० केबीपीएस’वाली पानं सोडून द्या. चोरीचा मुद्दा आहेच, वर फाइल बहुतेकदा १२८ची फुगवलेली असते आणि सोबत अ‍ॅप टाकायचा आग्रह. गाणं उतरवायला कुणी ओटीपी मागितला तर खिडकी बंद करा.

टप्पा ५: पैसे

अ‍ॅपलच्या भारतीय खात्यात यूपीआय, नेटबँकिंग किंवा आधी भरलेली शिल्लक चालते. इथे फारसं अडत नाही.

परदेशी दुकानात अडतं, आणि कारण बहुधा एकच. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमापासून नव्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये दोन्ही चालू करा, मर्यादा हजार-दोन हजारांवर ठेवा, खरेदी झाली की परदेशी व्यवहार पुन्हा बंद करा. फक्त देशात चालणारं रुपे कार्ड इथे कामाचं नाही. पेपॅलने भारतातल्या भारतातले व्यवहार एप्रिल २०२१ मध्ये थांबवले, पण परदेशी विक्रेत्याला पैसे देता येतात.

छापील किंमत ही शेवटची किंमत नसते. बँकेचा परकीय चलनाचा आकार साधारण २ ते ३.५ टक्के, त्या आकारावर जीएसटी, आणि दुकानाने लावला तर बिलावर १८ टक्के जीएसटी. “रुपयांत पैसे घेऊ का?” असं पानावर विचारलं तर नको म्हणा आणि दुकानाच्या मूळ चलनातच द्या. तो रुपयांचा दर जवळजवळ नेहमी महाग पडतो.

*तपासा:* खात्यातला ईमेल बरोबर लिहिलाय ना? पावती आणि उतरवण्याचा दुवा तिथेच येणार. एका अक्षराच्या चुकीने अख्खा अल्बम दुसऱ्याच्या पत्त्यावर गेलेला मी पाहिलाय.

टप्पा ६: आधी एकच घ्या

यादीतली तीस नावं एकदम टोपलीत टाकू नका. सगळ्यात स्वस्त एक गाणं घ्या आणि ते शेवटपर्यंत न्या: पैसे, उतरवणं, पेनड्राइव्ह, गाडी. गाडीत वाजलं की उरलेली एकोणतीस. हा टप्पा लोक कायम गाळतात, आणि परताव्यासाठी ईमेल लिहीत बसतात. उतरवलेल्या फाइलीचे पैसे परत मिळणं जिकिरीचं असतं.

टप्पा ७: उतरवा आणि लगेच तपासा

दुकानाच्या अ‍ॅपमधून नाही, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून उतरवा. बँडकॅम्पच्या अ‍ॅपमध्येही जे साठतं ते फक्त अ‍ॅपपुरतंच; खरी फाइल ब्राउझरमधूनच घ्यायची. अल्बम झिप (सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) होऊन येतो. विंडोजमध्ये झिपवर दोनदा क्लिक केलं की आतली गाणी दिसतात, वाजतातही, आणि माणूस समजतो काम झालं. मग ती झिपच पेनड्राइव्हवर जाते आणि गाडी गप्प बसते. झिपवर उजवं क्लिक करून आतलं सगळं बाहेर काढा, मगच पुढे.

आता ऐका. प्रत्येक फाइल सुरुवातीला, मधे आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात. उतरवणं अर्धवट तुटलं असेल तर शेवटच गायब असतो. लांबी कागदावरच्या लांबीशी ताडून बघा.

फ्लॅक खरं आहे का, हे स्पेक नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये दिसतं. फाइल आत ओढली की आवाजाचं रंगीत चित्र येतं. नव्या ध्वनिमुद्रणात १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखा काळा पट्टा असेल, तर ते बहुधा १२८ एमपी३चं सोंग. पण हा निकष जुन्या तबकड्यांना लावू नका. त्यांच्यात वरचे सूर मुळातच नसतात, उगाच दुकानदारावर आळ येईल.

जुन्या मैफलींसाठी एक चाचणी कॉम्प्युटरच्या लोकांना सुचत नाही, गाणाऱ्यांना सुचते. तंबोऱ्याचं अ‍ॅप लावा आणि षड्ज जुळवा. टेप किंवा तबकडी उतरवताना वेग सहा टक्के चुकला की सगळं गाणं अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीच्या एका पट्टीने, सरकतं. त्याच गायकाच्या त्याच काळातल्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणापेक्षा दोन-तीन पट्ट्या वर निघालं, आणि तानाही घाईच्या वाटल्या, तर दुसरी आवृत्ती शोधा. नमुना ऐकतानाच हे केलं तर पैसेही वाचतात.

टप्पा ८: नावं आणि पेनड्राइव्ह

एमपी३टॅग नावाच्या प्रोग्रामने गायक, राग, ताल भरून घ्या. घरच्या संग्रहात देवनागरी ठेवा, छान दिसतं. गाडीसाठीच्या प्रतीत मात्र नावं रोमनमध्ये आणि पुढे ०१, ०२ असे आकडे, तेही इंग्रजी अंकांत; जुने स्टिरिओ देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात.

पेनड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट करा. ३२ जीबीत ३२० केबीपीएसची सुमारे २२० तास गाणी मावतात. देवास काय, उज्जैन काय, दिल्लीला जाऊन आलात तरी संपणार नाहीत. क्रम उलटसुलट वाजत असेल तर दोष गाडीचा नाही: बरेच स्टिरिओ नावाप्रमाणे नाही, कॉपी केलेल्या क्रमाने वाजवतात. पेनड्राइव्ह रिकामा करा आणि गाणी एकेक करून क्रमाने टाका. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं.

विकत घेतलेली फाइल घरी ऐकण्यासाठी असते. तिकीट लावून कार्यक्रमात वाजवायची असेल तर परवाना वेगळा, आणि त्यासाठी पीपीएल, आयपीआरएस या संस्थांकडे चौकशी करावी लागते.

टप्पा ९: दोन प्रती, त्याच दिवशी

“माझ्या खात्यात आहेच की” हे वाक्य मी फार ऐकतो. फ्लिपकार्टचं फ्लाइट हे एमपी३चं दुकान २०१२ला उघडलं आणि २०१३ला बंद झालं. गूगल प्ले म्युझिक भारतात गाणी विकायचं, तेही २०२०च्या अखेरीस बंद झालं. ज्यांनी फाइली वेळेत उतरवून ठेवल्या त्यांच्याकडे त्या आजही वाजतात.

एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. पेनड्राइव्ह ही प्रत धरू नका, तो गाडीच्या उन्हात तापतो आणि खिशातून पडतो. अल्बमच्या फोल्डरमध्येच पावतीची पीडीएफ टाका.

शेवटची चाचणी: कॉम्प्युटरचं वाय-फाय बंद करा, हार्ड डिस्क जोडा, आणि तिच्यावरची फाइल मधूनच कुठूनतरी लावा. वाजली की कागदावर त्या नावापुढे खूण करा आणि पुढचं नाव घ्या.